फ्लॉपीतली सनई नव्या कीबोर्डवर आणताना

निळ्या प्लास्टिकचा डबा, त्यात त्रेचाळीस फ्लॉप्या, आणि एकीच्या लेबलवर बॉलपेनने लिहिलेलं: "सनई पां. ४, लूप बरा". आमच्या ऑर्केस्ट्रात पूर्वी कीबोर्ड वाजवणाऱ्या अण्णांनी हा डबा माझ्या हातात ठेवला तेव्हा एवढंच म्हणाले, "ह्यो डिस्की माका आता काय उपेगाच्यो नाय. तूच घेवन जा." त्यांचा कीबोर्ड कधीच गेला होता. मालवणच्या खाऱ्या हवेत इलेक्ट्रॉनिक वस्तू किती टिकते हे इथल्या माणसाला सांगायला नको.

असे डबे कोकणात बऱ्याच घरांत आहेत. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या बँजो पार्टीच्या सामानात ताशांच्या खाली. गेल्या काही महिन्यांत तीन-चार पोरांनी मला विचारलं, की ह्यातले आवाज आताच्या कीबोर्डवर वाजतील का. वाजतात. पण क्रम चुकला तर कायमचे जातात. म्हणून हे सगळं सावकाश लिहितोय, ज्याने फ्लॉपी, म्हणजे चौकोनी कवचातली जुनी चुंबकीय डिस्क, कधी हातातही धरलेली नाही त्याच्यासाठी.

सॅम्पलर म्हणजे काय होतं

आजच्या कीबोर्डात आवाज आतच भरलेले असतात. सॅम्पलरमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज पट्ट्यांवर वाजवणाऱ्या वाद्यात, तसं नव्हतं. एन्सोनिकचा ईपीएस (१९८८), रोलँडचा डब्ल्यू-३० (१९८९), एन्सोनिकचाच एएसआर-१० (१९९२) ही वाद्यं चालू केली की कोरी. आधी फ्लॉपीवरून ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची, मग आवाज. वीज गेली की मेमरी पुसली, परत पहिल्यापासून. मांडवात लाइट लुकलुकली की अण्णा पहिल्यांदा डब्याकडे हात न्यायचे, हे मी लहानपणी पाहिलंय. अकाईचा एस१००० (१९८८) हा पट्ट्या नसलेला, नुसता रॅकमधला सॅम्पलर. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम आतच असते, पण आवाज चढवायचे ते फ्लॉपीवरूनच.

डिस्कवर दोन गोष्टी असतात, आणि नवख्याची पहिली चूक इथेच होते. एक म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज. दुसरी म्हणजे त्याची मांडणी: कोणता तुकडा कोणत्या पट्टीपासून कोणत्या पट्टीपर्यंत, त्याचा मूळ सूर कोणता, पट्टी दाबून ठेवली तर आवाजाचा कोणता भाग फिरत राहायचा (हाच लूप), हात सोडल्यावर किती वेळ विरायचा. नुसता आवाज नवीनही रेकॉर्ड करता येतो. "लूप बरा" म्हणण्याइतका लूप बसवायला मात्र अण्णांच्या कितीतरी रात्री गेल्या असतील. आपल्याला दोन्ही वाचवायचं आहे.

आधी हात आवरा

डबा मिळाला की लगेच फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. मी घातली होती. विंडोजने खिडकी उघडून विचारलं की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का, आणि मी पोह्यांची बशी एका हातात धरून दुसऱ्या हाताने "हो" दाबलं. ढोलकीची ती डिस्क पुन्हा मिळाली नाही.

डिस्क बिघडलेली नव्हती. सॅम्पलरची लिहिण्याची पद्धत विंडोजला कळत नाही, म्हणून त्याला ती कोरी वाटते. त्या खिडकीला उत्तर एकच: रद्द.

ही वेळच येऊ नये म्हणून प्रत्येक फ्लॉपीचं लिखाण आधी बंद करा. फ्लॉपी उलटी करा, कोपऱ्यात एक छोटी सरकपट्टी दिसेल. ती सरकवून भोक उघडं करायचं, आरपार उजेड दिसला पाहिजे. उघडं भोक म्हणजे लिहिता येत नाही. जुन्या ऑडिओ कॅसेटचं कान तोडण्यासारखंच, फक्त इथे तोडावं लागत नाही. त्रेचाळीस फ्लॉप्यांना मला दहा मिनिटं लागली.

आणि डबा स्पीकरवर ठेवू नका. बेस स्पीकरचं चुंबक मोठं असतं. अण्णांचा डबा कुठल्या तरी पेटाऱ्यात होता म्हणून वाचला.

कोणत्या वाद्याची, कोणत्या जातीची

साडेतीन इंची फ्लॉपीच्या दोन जाती: कमी मावणारी डीडी आणि जास्त मावणारी एचडी. सरकपट्टीच्या समोरच्या कोपऱ्यात दुसरं चौकोनी भोक असेल तर एचडी, नसेल तर डीडी. ईपीएस आणि डब्ल्यू-३० यांना डीडी लागायच्या, एएसआर-१० एचडी घेतो. पण डीडी मिळेनाशा झाल्यावर लोक एचडीच आणून ते दुसरं भोक चिकटपट्टीने बंद करून वापरायचे. अशी पट्टी दिसली तर काढू नका. ती काढली की नवा ड्राइव्ह तिला एचडी समजतो आणि काहीच वाचू शकत नाही.

आता खरा प्रश्न. बाजारात मिळणारा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह चालेल का? कॉम्प्युटरच्या डीडी फ्लॉपीवर एका बाजूला ८० ट्रॅक (गोल वर्तुळं) आणि प्रत्येक ट्रॅकवर ५१२ बाइटचे ९ सेक्टर (त्या वर्तुळाचे तुकडे) असतात, दोन्ही बाजू मिळून ७२० के, म्हणजे किलोबाइट. रोलँडच्या एस-५० आणि डब्ल्यू-३० यांची आखणी अशीच आहे, फक्त आतली फाइलींची भाषा वेगळी. त्यामुळे रोलँडच्या फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत यूएसबी ड्राइव्हने काढता येते, फक्त तो ड्राइव्ह ७२० के वाचणारा हवा. काही स्वस्त ड्राइव्ह फक्त १.४४ एमबीच वाचतात, घेण्याआधी विचारा.

एन्सोनिकने त्याच ट्रॅकवर ९ ऐवजी १० सेक्टर बसवले, म्हणून ईपीएसची फ्लॉपी ८०० के. एएसआर-१० च्या एचडीवर २०, म्हणजे १.६ एमबी. अकाईने १०२४ बाइटचे मोठे सेक्टर घेतले, डीडीवर ५ आणि एचडीवर १०. बेरीज एन्सोनिकइतकीच, आखणी वेगळी. यूएसबी ड्राइव्हच्या आतली चिप ठरलेल्या आखणीपलीकडे पाहतच नाही, म्हणून तिला यातलं काही वाचता येत नाही. ड्राइव्ह कितीही महागडा आणला तरी हेच. एका पोराने दोन ड्राइव्ह बदलून पाहिले आणि मग फ्लॉप्या खराब आहेत म्हणून टाकून द्यायला निघाला होता.

लेबलवर वाद्याचं नाव नसेल तर अंदाज बांधावा लागतो. पुण्या-मुंबईहून आलेल्या कंपनीच्या डिस्कवर छापलेलं असतं. घरगुती डिस्कवर "ताशा नवा", "भजन सेट", "शिमगा २" असंच काहीतरी. डबा कुणाचा, तो काय वाजवायचा, हे घरच्यांना विचारणं हा सगळ्यात सोपा मार्ग. जुने कार्यक्रमाचे फोटो असतील तर कीबोर्डच्या मागच्या बाजूवर कंपनीचं नाव ठळक दिसतं.

बुरा

जून ते सप्टेंबर आपल्याकडे चपलांना बुरा येतो, चामडी पट्ट्याला येतो, लग्नाच्या अल्बमला येतो. फ्लॉपीच्या आतल्या चकतीलाही येतो, आणि तो बाहेरून दिसत नाही.

फ्लॉपीची धातूची झडप बोटाने बाजूला सरकवा आणि धरून ठेवा. मागच्या बाजूच्या धातूच्या चकतीला बोट लावून आतली काळपट-तपकिरी चकती हळूहळू फिरवा. तिरक्या उजेडात पाहा, खिडकीजवळ मळभ नसताना. चांगली चकती सगळीकडे सारखी चमकते. बुरा असेल तर पांढुरके ठिपके किंवा धुरकट डाग दिसतात. गोल रेघ दिसली, ग्रामोफोनच्या तबकडीसारखी, तर ती चकती कुठल्या तरी घाणेरड्या ड्राइव्हने आधीच ओरबाडली आहे.

बुरा आलेली डिस्क तशीच ड्राइव्हमध्ये घातली की दोन नुकसानं होतात. ड्राइव्हच्या आत चकती वाचणाऱ्या हेडला घाण चिकटते, आणि तीच घाण पुढच्या चांगल्या डिस्कला ओरबाडते. म्हणून माझा नियम: आधी सगळ्या पाहायच्या, स्वच्छ आणि डागाळलेल्या असे दोन गठ्ठे करायचे, स्वच्छ गठ्ठ्याच्या प्रती आधी काढायच्या.

डागाळलेल्या डिस्कसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, ९९ टक्क्यांचं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळतं. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि चिकट पदार्थ असतात. कापसाची काडी किंचित ओली करून झडपेतून चकतीवर टेकवायची आणि चकती फिरवायची, काडी दाबायची नाही. वरची बाजू, खालची बाजू, प्रत्येकी दोन-तीन फेरे, दर वेळी नवी काडी. काडीवर तपकिरी रंग यायला लागला तर लगेच थांबा, तो चुंबकीय थर निघतोय. मग अर्धा तास सावलीत, पंख्याखाली.

सावलीत म्हणतोय ते मुद्दाम. बुरा दिसला की उन्हात टाकायची आपली सवय आहे: पापड, गाद्या, पुस्तकं. फ्लॉपीचं कवच आणि आतली चकती उन्हाच्या तापाने वाकते. एप्रिलच्या खळ्यात तर अजिबात नको.

फारच मोलाची डिस्क असेल आणि झडपेतून साफ होत नसेल, तर कवच पातळ पातीने उघडून चकती बाहेर काढतात, दोन्ही बाजू पुसतात आणि एखाद्या रिकाम्या चांगल्या फ्लॉपीच्या कवचात बसवतात. मी हे दोनदा केलंय. पहिल्यांदा बिनकामाच्या फ्लॉपीवर सराव करा, कारण चकतीची कोणती बाजू वर होती हे विसरायला एक सेकंद पुरतो.

ड्राइव्हचं हेडही दर चार-पाच डिस्कनंतर पुसा. आणि शक्य असेल तर हे सगळं काम पावसाळा सरल्यावर काढा. भर आषाढात मी ज्या डिस्कला रडत होतो ती दिवाळीनंतर एका फटक्यात वाचली.

प्रत काढणं

रोलँडवाल्यांचं काम झटपट आहे. ७२० के वाचणारा यूएसबी ड्राइव्ह, लिनक्स असलेला कुठलाही जुना लॅपटॉप आणि डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम. तो वाचता आलेले सेक्टर आधी उचलतो आणि अडलेल्यांकडे परत परत येतो, कुठे अडलं त्याची नोंदही ठेवतो. शेवटी ७,३७,२८० बाइटची एक फाइल मिळते. आकडा बरोबर तेवढाच आला पाहिजे.

एन्सोनिक आणि अकाईसाठी ग्रीसवीझल नावाचा छोटा बोर्ड घ्या. तो यूएसबीने लॅपटॉपला लागतो, आणि त्याला जुन्या डेस्कटॉपमधून काढलेला साधा फ्लॉपी ड्राइव्ह ३४ पिनांच्या चपट्या केबलने जोडायचा. असे ड्राइव्ह मुंबईत लॅमिंग्टन रोडला अजून मिळतात, आणि इथल्या एखाद्या बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासच्या अडगळीत तर फुकट. केबल उलटी बसली तर ड्राइव्हचा दिवा चालू करताच पेटतो आणि विझतच नाही. घाबरायचं नाही, बंद करून केबल फिरवायची. केबलच्या एका कडेची लाल तार एक नंबरच्या पिनेकडे.

हा बोर्ड सेक्टर वगैरे गृहीत धरत नाही. चकतीवरची चुंबकीय स्पंदनं जशी आहेत तशी उचलतो आणि त्यांचा अर्थ नंतर लॅपटॉपवर लागतो. त्याच्या प्रोग्रॅममध्ये आखण्यांची यादी तयार आहे: ईपीएससाठी एन्सोनिक ८००, एएसआरसाठी एन्सोनिक १६००, तसंच अकाई ८०० आणि अकाई १६००. योग्य ती निवडून वाचायला लावा. शेवटी तो हिशेब देतो, इतक्यापैकी इतके सेक्टर सापडले. ८०० केच्या डिस्कला १६०० पैकी १६०० यायला हवेत.

सनईच्या डिस्कला पहिल्यांदा १५८३ आले. सतरा सेक्टर गायब, सगळे एकाच बाजूला, शेजारशेजारच्या ट्रॅकवर. म्हणजे डाग एकाच जागी होता. पुसली, पुन्हा वाचली, १५९६. पुन्हा पुसली, हेड पुसलं, पुन्हा वाचायला लावण्याआधी चहा घेतला. १६००.

ज्या डिस्क पूर्ण वाचत नाहीत त्यांची कच्ची स्पंदनांची फाइलही ठेवून द्या. मोठी असते, पण डिस्क पुढे आणखी खराब झाली तरी त्या फाइलीवरून पुन्हा अर्थ लावता येतो.

प्रत झाल्यावर फाइलीला नाव देताना लेबलवरचा मजकूर जसाच्या तसा घ्या आणि लेबलचा मोबाइलने फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. "पां. ४" किती महत्त्वाचं होतं ते मला नंतर कळलं. दोन ठिकाणी प्रती ठेवा. आणि ह्या मूळ प्रतीवर कधीही काम करायचं नाही. जे काही करायचं ते तिची नक्कल करून.

वाद्य जिवंत असेल तर

कीबोर्ड चालतोय, फक्त फ्लॉपी ड्राइव्ह मेलाय, ही कोकणातली नेहमीची गोष्ट. तर आवाज कुठे हलवू नका. ड्राइव्हच्या जागी गोटेक बसवा. गोटेक म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हचं सोंग घेणारी पेटी. पुढे पेनड्राइव्ह लावायचा, कीबोर्डला वाटतं फ्लॉपी आहे.

दुकानातून आलेला गोटेक मात्र १.४४ एमबीच जाणतो. त्यात आधी फ्लॅशफ्लॉपी नावाचं मोफत फर्मवेअर, म्हणजे त्याचा आतला प्रोग्रॅम, भरावं लागतं. ते भरल्यावर पेनड्राइव्हवर एक छोटी सेटिंगची फाइल ठेवायची आणि तिच्यात होस्ट या ओळीसमोर एन्सोनिक किंवा अकाई लिहायचं. नाहीतर तो आखणी ओळखायला चुकतो. पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचा, लहान क्षमतेचा असला तरी पुष्कळ. एका डिस्कला एक एमबीच्या आतबाहेर लागतं, अण्णांचा अख्खा डबा एका कोपऱ्यात मावतो.

पहिल्या जागेवर ऑपरेटिंग सिस्टिमची डिस्क ठेवा. ती नसेल तर वाद्य उठतच नाही, आणि उठलं नाही की लोक गोटेकला दोष देतात.

कीबोर्ड उघडण्याआधी वायर काढा आणि थोडा वेळ थांबा, पॉवर सप्लायमध्ये विजेचा साठा राहतो. प्रत्येक पायरीला फोटो. जुन्या ड्राइव्हवर जंपर नावाची चिमुकली टोपी कोणत्या पिनेवर होती ते टिपून ठेवा, गोटेकवरही ती जुळवावी लागते. आणि मागच्या पट्टीवर व्होल्ट वाचा. जपानमधून आलेलं वाद्य १०० व्होल्टचं असतं, त्याला ट्रान्सफॉर्मर हवाच.

सोल्डरिंग कधी केलेलं नसेल तरी चालतं. गोटेकला साधारणतः तीच केबल आणि तीच पॉवरची वायर बसते.

वाद्य नसेल तर: आवाज बाहेर काढणं

इथे खरी कसोटी आहे.

एन्सोनिकच्या डिस्क-प्रतीतून फाइली काढायला ईपीएसलिन नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, अकाईसाठी अकाईयूटिल. दोन्ही काळ्या पडद्यावर टाइप करून चालवायचे, पण घाबरण्यासारखं काही नाही. त्या फाइली आजच्या भाषेत उतरवायला अवेव्ह स्टुडिओ किंवा चिकन सिस्टिम्सचा ट्रान्सलेटर घ्यावा लागतो. दोन्ही पैसे देऊन घ्यायचे आहेत. एकदाच लागणार असेल तर दोन-तीन जणांनी मिळून एकाच्या लॅपटॉपवर काम उरकावं. शेवटी साउंडफाँट किंवा एसएफझेड या स्वरूपात काढा, नुसत्या वेव्ह फाइली काढू नका. वेव्हमध्ये आवाज येतो, पट्ट्यांची वाटणी मागे राहते.

मग तपासायच्या गोष्टी. ह्या चार ठिकाणी रूपांतर हमखास घसरतं.

पहिलं, सप्तक. मिडीमध्ये, म्हणजे डिजिटल वाद्यांच्या आपसातल्या भाषेत, मधला सा, म्हणजे मधली पांढरी एक, याचा नंबर ६०. रोलँड त्याला सी४ म्हणतो, यामाहा सी३. एकाच्या नावावरून दुसऱ्यात भरलं की सगळं एक सप्तक वर-खाली. नावावर जाऊ नका, नंबर पाहा. सनईच्या डिस्कमध्ये मूळ सूर रूपांतरात ६० आला होता आणि वाद्य बेसूर वाजत होतं. लेबल काढून पाहिलं: पां. ४. पांढरी चार म्हणजे ६५. तो आकडा घातला आणि सनई जागेवर आली.

दुसरं, सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मोजमापं (सॅम्पल) घेतली तो आकडा. जुनी वाद्यं मेमरी वाचवायला कमी रेटवर आवाज घ्यायची, रोलँड एस-५० आणि डब्ल्यू-३० तर ३० किंवा १५ किलोहर्ट्झवर. अशी ३० ची फाइल एखाद्या प्रोग्रॅमने आजच्या नेहमीच्या ४४.१ किलोहर्ट्झची समजून वाजवली तर आवाज दीडपटीजवळ वेगाने धावतो आणि सूर साडेसहा-पावणेसात पट्ट्या चढतो. सा लावला की जवळपास प ऐकू येतो, तोही किंचित उतरलेला. असं ऐकू आलं तर कानाने ट्यून करत बसू नका, रेट चुकलाय. फाइलीचा खरा रेट सांगा आणि मग रीतसर ४४.१ मध्ये बदलून घ्या.

तिसरं, लूप. सूर दाबून ठेवा आणि डोळे मिटून ऐका. दर थोड्या वेळाने टिक्-टिक् आलं तर लूपची टोकं एक-दोन सॅम्पलने सरकली आहेत. रेट बदलला की लूपचे आकडेही त्याच प्रमाणात बदलावे लागतात, काही प्रोग्रॅम हे विसरतात. पॉलिफोन नावाच्या मोफत साउंडफाँट संपादकात लूपची दोन्ही टोकं तरंगावर दिसतात. तरंग शून्य रेघ ओलांडतो तिथे, दोन्ही टोकांना एकाच दिशेने, अशी जागा शोधून टोकं बसवा. सनईला फुंकेचा थरथराट असतो, त्यामुळे फार छोटा लूप घेतला तर ती हार्मोनियमसारखी सपाट होते. अण्णांनी लूप लांब ठेवला होता, एक अख्खी थरथर आत घेऊन. तो तसाच ठेवा.

चौथं, एन्सोनिकपुरतं. ईपीएस आणि एएसआरच्या डाव्या हाताला दोन बटणं असतात, ती दाबून वाजवता वाजवता एकाच वाद्याचे वेगळे थर निवडता येतात. एकात साधी सनई, दुसऱ्यात मींड, असं. रूपांतरात ही सोय बहुधा हरवते आणि सगळे थर एकदम वाजतात. आवाज गदगदलेला, फुगलेला वाटला तर हेच कारण. थर वेगवेगळे करून त्यांचे दोन-तीन स्वतंत्र आवाज बनवा.

फिल्टर आणि विरण्याचा वेग तंतोतंत उतरत नाही. ते कानानेच जुळवायचं, त्यात अर्धा दिवस घालवू नका.

रूपांतर करणारा प्रोग्रॅमच मिळाला नाही, पण कुणाकडे चालू वाद्य आहे, तर शेवटचा उपाय आहेच. लाइन आउटमधून ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे लॅपटॉपमध्ये आवाज आत-बाहेर नेणाऱ्या पेटीत, रेकॉर्ड करा. दर तिसरी पट्टी, प्रत्येक सूर सात-आठ सेकंद, मधे पूर्ण शांतता. रिव्हर्ब बंद. काही सॅम्पलरमध्ये मिडीवरून सॅम्पल पाठवायची सोय असते, पण मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट एवढाच. १२ बिटचा, ३० किलोहर्ट्झचा एक सेकंदाचा आवाज जायला वीसेक सेकंद लागतात. एका ठोक्यासाठी ठीक, अख्ख्या डब्यासाठी नाही.

एक गोष्ट राहिली. डब्यात कंपनीच्या छापील डिस्क असतील तर त्यांच्या प्रती स्वतःसाठी ठेवा, विकायला बसू नका. घरी केलेल्या डिस्क ज्याच्या त्याच्या, त्यालाच विचारायचं. अण्णांना मी विचारलं तर ते हसले.

नव्या वाद्यात भरणं

ताशा, ढोलकीचा ठोका, झांज, टाळी असे एका फटक्याचे आवाज असतील तर कीबोर्डच्या मागे लागू नका. ऑक्टोपॅडवाल्याकडे एसपीडी-एसएक्स हा रोलँडचा सॅम्पल वाजवणारा पॅड असेल तर ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटच्या वेव्ह फाइली त्यात सरळ जातात. त्याला लूप नको, वाटणी नको. आमच्या पार्टीत "ताशा नवा" आता तिथेच आहे.

सुरांच्या आवाजांसाठी कीबोर्डमध्ये स्वतःचे सॅम्पल भरण्याची सोय असावी लागते. कोर्गचा क्रोनॉस साउंडफाँट आणि अकाई एस१०००-एस३००० ची स्वरूपं स्वतः वाचतो. इतर मॉडेलमध्ये कोणती फाइल चालते हे मॅन्युअलमधल्या सॅम्पल किंवा इम्पोर्टच्या प्रकरणात असतं, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. स्वस्त कीबोर्डांत ही सोय नसतेच.

तेव्हा लॅपटॉप. प्लोगचा सफोर्झांडो हा मोफत प्लेअर एसएफझेड वाजवतो, साउंडफाँट ओढून टाकला तर तो स्वतः बदलून घेतो. कुठलाही मिडी कीबोर्ड यूएसबीने लावा. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल तर ऑडिओचा बफर, म्हणजे वाजण्याआधी साठवला जाणारा आवाजाचा तुकडा, कमी करा. ४४.१ वर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण तीन मिलिसेकंद, बोटाला कळत नाही. विंडोजवर त्यासाठी इंटरफेसचा एएसआयओ ड्रायव्हर वापरा, नुसत्या हेडफोनच्या भोकातून वाजवलं तर ताल मागे राहतो. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो आणि इंटरफेस यूएसबीवर. निदान आवाज परत चढवायची धावपळ नाही.

जुने आवाज नव्या साउंड सिस्टिमवर पहिल्यांदा ऐकले की थोडे खरखरीत वाटतात. वरची चमक कमी, खाली बारीक कुरकुर. लगेच इक्वलायझरने ओढून चमकवू नका. बाकीची वाद्यं वाजू लागली की तीच खरखर सनईला गर्दीतून पुढे आणते.

तालमीला अण्णा आले होते. सनई वाजवून दाखवली, दोन मिनिटं खुर्चीत मान खाली घालून ऐकली, आणि म्हणाले, "दुसऱ्या सेकंदाक टिक येता. तेव्हा पण येय. माका काय ती गावली नाय." मी घरी येऊन पॉलिफोन उघडला. टिक लूपमध्ये नव्हती, मूळ रेकॉर्डिंगमध्येच होती. बहुतेक वाजवणाऱ्याच्या हातातल्या कड्याची. मी ती काढली नाही.

त्रेचाळीसपैकी एकोणचाळीस डिस्क पूर्ण वाचल्या. उरलेल्या चार सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात आहेत, दिवाळीनंतर पुन्हा बघेन.